चौदाव्या फरशीखालची विहीर

जळगावहून एरंडोलकडे निघालं, की शहर संपता संपता डाव्या हाताला दोन एकरांचा एक सपाट प्लॉट लागतो. पिवळा मुरूम, कडेनं पत्र्याचं कुंपण, आणि रस्त्याच्या अंगाला काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या. त्या पायऱ्या कुठेच जात नाहीत. चढून गेलात तर तिसरीनंतर नुसता मुरूम आणि हवा. येणारेजाणारे म्हणतात, कोण्या खुळ्यानं बांधल्या या? खुळ्यानं नाही हो! तिथं उदयदीप ऑइल मिलचा स्टाफ क्लब होता, आणि ज्यांनी तो पाहिलाय ते आजसुद्धा त्याच्याबद्दल बोलताना आपोआप आवाज खाली आणतात.

छप्पन सालचं बांधकाम. सातपुड्याच्या सागाची दारं अशी भरभक्कम, की उघडायला दोन्ही हात लागायचे. मोठा हॉल, वाचनाची खोली, स्वयंपाकघर, मागं अंगण. दर शनिवारी हौजीचा डाव, आणि एकतीस डिसेंबरला भुसावळहून बँड यायचा. साहेबलोक आणि त्यांच्या मंडळी गाडीतून उतरून त्या तीन पायऱ्या चढत. मिलमधल्या कामगारानं क्लबात पाऊल ठेवायचं नाही, आणि क्लबातल्या नोकरानं यायचं ते मागच्या दारानं. असा बोर्ड कुणी लावला नव्हता. लावायची गरजच नव्हती, सगळ्यांना ते पाठ होतं.

या क्लबात एकतीस वर्षं जिनं फरशी पुसली ती लिलाबाई. आता त्र्याहत्तर वर्षांची आहे, कंपनीच्या जुन्या चाळीत राहते, आणि अजून कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यातून ती चाळीत लग्न होऊन आली. नवरा चिंधा मिलमध्ये बॉयलरवर. त्याच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून याचं नाव चिंधा ठेवलं, आणि हा पठ्ठ्या मात्र ताडासारखा वाढला. सत्तर साली क्लबाला पुसणारी बाई हवी होती. लिलाबाई एकोणीस वर्षांची. मागच्या दारानं आत गेली, स्वयंपाकघर ओलांडलं, बोळ ओलांडला, हॉलच्या दाराशी आली आणि थबकली. समोर पाणीच पाणी. छताचे दिवे त्यात उलटे लटकलेले. तिनं मुकाट्यानं लुगडं पोटरीपर्यंत वर धरलं आणि जपून एक पाय आत टाकला. तर पाय कोरडाच! शहाबादी फरशी होती ती, घासून घासून आरशासारखी केलेली. मागे खानसामा पोट धरधरून हसत होता. लिलाबाईला लाज वाटायला हवी होती, पण तिला वाटलं ते वेगळंच. तिच्या अंगावर काटा आला. माणसाच्या हातानं दगडाचं पाणी होतं! त्या दिवशी तिनं ठरवलं, हे पाणी आपल्या हातून आटू द्यायचं नाही.

आणि नाही आटू दिलं. तिची कामाची पद्धत ठरलेली होती. चाळीच्या बाजूला कुंपणाच्या भिंतीत एक बुटकं फाटक होतं, त्याच्याशेजारी नळ. तिथं दोन बादल्या भरायच्या आणि मागच्या दारापर्यंत न्यायच्या. चपला दाराबाहेर काढायच्या. मग थेट आतल्या खोलीच्या शेवटच्या भिंतीपाशी जायचं, उकिडवं बसायचं, आणि मागं मागं सरकत यायचं. एका फरशीला दोन हात, मग एक फरशी मागं. पुसलेलं नेहमी डोळ्यांसमोर, न पुसलेलं पाठीशी. तिला लिहितावाचता येत नाही, पण फरश्या मोजता येत होत्या. स्वयंपाकघर बारा. बोळ नऊ. हॉलची एक रांग अठ्ठावीस. साहेबलोकांना क्लब ठाऊक होता तो खुर्चीवर बसून. लिलाबाईला तो फरशी-फरशीनं ठाऊक होता. फक्त पुढचा व्हरांडा आणि त्या तीन पायऱ्या तिच्याकडे नव्हत्या. ते काम पुना नावाच्या शिपायाचं. तो गणवेशात असायचा ना! पुसणारी बाई पुढून दिसलेली साहेबांना खपत नव्हती.

आता त्या विहिरीचं सांगायलाच हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

क्लबाच्या अंगणात एक विहीर होती, मिलच्याही आधीची. बहात्तरच्या दुष्काळात जळगावच्या विहिरींचे तळ दिसले, नळ कोरडे पडले, पण हिचं पाणी हललं नाही. तेव्हाचा मॅनेजर बरा माणूस होता. त्यानं ते बुटकं फाटक चाळीसाठी उघडं ठेवलं. सगळी चाळ त्या वर्षी त्या विहिरीवर जगली. लिलाबाईचा थोरला तेव्हा पाळण्यात होता. ती आजही सांगते, तो दुधावर नाही, त्या विहिरीवर वाढला. दोन वर्षांनी मॅनेजर बदलला. नव्याला अंगणात बायकांचा कालवा नको होता आणि बिलियर्डचं टेबल मात्र हवं होतं. कलकत्त्याहून वॅगननं ते टेबल आलं, सोळा हमालांनी उचललं, आणि ते ठेवायला अंगणातच नवी खोली काढली. विहिरीवर लोखंडी गर्डर टाकले, वर स्लॅब, वर फरशी. झाली विहीर गडप! बुजवलीसुद्धा नाही, नुसती झाकली. चाळीतल्या बायकांनी त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पुढची पंचवीसएक वर्षं लिलाबाईनं त्या खोलीतली फरशीही पुसली. शेवटच्या भिंतीपासून मागं सरकत आली, की तेरा फरश्या मुक्या. चौदावीवर बादली टेकवली की आवाज बदलायचा. ढब! सहा फरश्या तसा आवाज, मग पुन्हा मुका. तिथं आली की ती दर वेळी बोटाचं पेर फरशीवर वाजवायची आणि मनात म्हणायची, आहेस ना गं बाई? वरती साहेब काठीनं चेंडू ढकलतायत आणि त्यांच्या बुटांखाली आपली विहीर जागी आहे, हे ठाऊक असणारी ती तिथं एकटीच.

दोन हजार एकला मिल बंद पडली. क्लबाला कुलूप लागलं. मग तिथं केळीचे क्रेट ठेवायला लागले, दारं कुणी उचलून नेली, हॉलमधलं झुंबर कुठं गेलं ते देवालाच ठाऊक. चिंधा त्याच सुमारास गेला. आणि चार वर्षांपूर्वी क्लब पाडला. कुणी पाडला म्हणता? लिलाबाईच्या नातवानं! राकेश तेव्हा पोकलेन नुकता चालवायला शिकला होता. बाहेर उभं राहून मशीनचा हात लांब केला आणि चार दिवसांत भिंती आडव्या. फरश्या भंगारवाल्यानं उपटून नेल्या, वरून अडीच फूट मुरूम पसरला, आणि काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या कुणाला हलवता आल्या नाहीत म्हणून राहिल्या. त्या चार दिवसांत लिलाबाई नातवाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याला जेवायला वाढलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "तुना काय दोष? पोटनं काम शे."

आता यंदाची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी राकेश जेवायला बसला आणि सहज म्हणाला, "आजी, क्लबच्या जागेवर केळीचं कोल्ड स्टोरेज होतंय. उद्या अकराला मालक नारळ फोडणार, की लगेच मी पोकलेन आत घालतो. वीस टनांचं धूड आहे, एका दिवसात निम्मा पाया काढीन."

लिलाबाईची भाकरी तव्यावरच राहिली. "मशीन मधमा उभं करशी?"

"मग काय रस्त्यावर उभं करू?"

"राकेश, तठे विहीर शे रे! गर्डर पन्नास वरीसना. गंजी गया व्हतीन. तू वरतीन मशीन लयी गया ना, मशीन सकट खाले जाशी!"

राकेश हसला नाही. आजी उगाच बोलत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं तिथल्या तिथं साइट इंजिनियरला फोन लावला. प्रेमराज त्याचं नाव, शिंदखेड्याकडचा, वय तिशीचं, बोलणं पुण्याचं. त्यानं सांगितलं की जुना नकाशा त्याच्याकडे आहे आणि त्यात विहीर नाही. बरोबरच आहे, नकाशा छप्पनचा, त्यात ती अंगणात एवढासा गोल, आणि तो गोलसुद्धा वाळवीनं खाल्लेला. माती तपासली तीही चार कोपऱ्यांत, चारही कोपरे टणक. "दोन एकर खोदून बघू का मी?" प्रेमराज म्हणाला. पण माणूस सरळ होता. शेवटी म्हणाला, "सकाळी नऊला आजींना घेऊन या. मालक येईपर्यंत दाखवू शकल्या तर ठीक. नाहीतर मशीन सुरू."

शनिवारी नऊला लिलाबाई पांढरी साडी नेसून प्लॉटवर हजर. आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. चार वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. समोर सपाट पिवळा मुरूम, त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, एका टोकाला पोकलेन मान खाली घालून उभं. झाड नाही, भिंत नाही, खूण म्हणून काही नाही. "या पायऱ्या आहेत ना," प्रेमराज म्हणाला, "इथून धरा अंदाज."

लिलाबाई पायऱ्यांपाशी गेली. व्हरांडा किती, हॉल किती, असं पुटपुटत चालायला लागली. चालली, थांबली, मागं वळली, पुन्हा चालली. "आठे," ती जमिनीकडं बोट दाखवत म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. मजुरांनी पहार घातली. मुरूम, मग काळी माती, मग नुसतीच माती. तिनं दुसरी जागा दाखवली. तिथंही तेच. मग तिसरी. दहा वाजून गेले. मजूर एकमेकांकडं बघून गालात हसायला लागले. प्रेमराजनं घड्याळ पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, खूप वर्षं झाली. होतं असं."

असं बोललं की माणूस खचतो. लिलाबाई खचली नाही, भडकली. पण कुणावर भडकावं ते तिला कळेना. आपलंच डोकं दगा देतंय की काय? आणि दिला तर? तिकडं राकेश मशीनच्या केबिनचं दार पुसत उभा होता. सव्वीस वर्षांचं पोर. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्या पायऱ्यांकडं पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"कशी येडी मी! या दारतीन मी कधी उनूच नही ना!"

प्रेमराजला काही उमजेना. राकेशला मात्र लख्ख उमजलं. एकतीस वर्षांत त्याची आजी त्या पायऱ्या एकदाही चढली नव्हती. पुढून बघितलेला क्लब तिच्या लेखी परक्याचं घर होता, आणि आपण तिला नेमकं तिथंच उभं केलं!

"मांगे चल," ती म्हणाली. "चाळना फाटककडे."

चाळीच्या बाजूची भिंत अजून उभी होती. फाटक विटांनी चिणलेलं होतं, पण चौकटीचा दगड दिसत होता. शेजारी तुटक्या नळाचा पाइप. लिलाबाईनं त्या दगडाला पाठ लावली. डोळे मिटले. मग म्हणाली, "दोन भरेल बादल्या आन."

"बादल्या कशाला?" प्रेमराजचा धीर सुटत चालला होता.

"भाऊ, रिकाम्या हातानं मी इथून कधी चालले नाही," लिलाबाई त्याला समजेल अशा मराठीत म्हणाली. "बादल्या भरलेल्या असल्या की पाऊल लहान पडतं. रिकाम्या हाताचं पाऊल खोटं बोलतं."

मजुरांच्या टाकीवरून दोन बादल्या भरून आणल्या. राकेश म्हणाला, आजी, निम्म्या करू का? तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं बादल्या मुकाट्यानं तिच्या हाती दिल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाईनं दोन्ही हात ताणले, कमरेत किंचित वाकली, आणि निघाली. पाणी हिंदकळत होतं, पण पायात आता शंका नव्हती. एक, दोन, तीन. मजुरांचं हसू थांबलं. बेचाळीस पावलांवर तिनं बादल्या खाली ठेवल्या, मोकळा श्वास घेतला, आणि सवयीनं चपला काढल्या.

"हाई मागलं दार."

तिच्या पायांपुढं नुसता मुरूम होता. मजुरांनी फावडं घातलं. दीड हातावर फावडं खणकन वाजलं. घाईघाईनं माती ओढली, तर खाली काळ्या दगडाचा उंबरा! मधोमध झिजून खळगा पडलेला. कुणाच्या पायांनी झिजला असेल, ते सांगायची गरज नव्हती. प्रेमराजनं डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून हातात घेतलं. का काढलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढं जे झालं ते पाहणाऱ्यांनी चाळीत शंभर वेळा सांगितलंय, आणि सांगताना एकानेही मीठमसाला लावलेला नाही. लिलाबाई त्या उंबऱ्यावरून आत गेली. हो, आतच. बारा फरश्या सरळ चालली, "सैपाकघर" म्हणाली. मग अंग चोरून एका बोळातून गेली, कारण त्या बोळात दोन्ही बाजूंना कपाटं होती. उजवीकडं वळली, तेही काटकोनात, कोपऱ्याला खांदा लागू न देता. एका जागी हात पुढं करून तिनं दार ढकललं. दोन्ही हातांनी ढकललं, सागाचं होतं ना ते. मोकळ्या रानात भर उन्हात एक म्हातारी नसलेल्या भिंतींना वळसे घालत चालली होती, आणि पंधरा माणसं श्वास रोखून तिच्यामागून एका रांगेत. कुणाचीही भिंतीतून जायची छाती झाली नाही. बिलियर्डच्या टेबलाच्या जागेला तिनं वळसा घातला आणि खोलीच्या शेवटी जाऊन थांबली. "हाई खिडकी. आठेतीन सुरुवात."

मग ती उकिडवी बसली. गुडघे कडकडले ते सगळ्यांना ऐकू आलं. पदर खोचला, उजवा हात मुरमावरून दोनदा फिरवला, आणि एक फरशी मागं सरकली. दोन हात, एक फरशी मागं. दोन हात, एक फरशी मागं. तेरा झाल्या. चौदावीला ती थांबली, बोटाचं पेर मुरमावर वाजवलं, आणि हळूच काहीतरी बोलली. मग वर बघून म्हणाली, "आठे घाल पहार. जपीसन. आणि तू नही राकेश, तू मांगे सरक."

दोन मजुरांनी कमरेला दोर बांधून पहार घातली. अडीच फुटांवर काँक्रीट लागलं. तिसऱ्या घावाला ढब आवाज झाला, खोल, पोटातून आल्यासारखा. पाचव्या घावाला काँक्रीटचा तुकडा निखळला आणि खाली गेला. सगळे कान देऊन उभे. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग खालून आवाज आला. डुबुक.

पुण्याचं बोलणारा प्रेमराज घरच्या बोलीवर आला. "ओ माय! पाणी शे वं अक्का! आजून पाणी शे!"

"राहीनच ना," लिलाबाई म्हणाली. "बहात्तरले नही आटनं, आते काय आटस?" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही, हात मुरमानं भरलेले होते.

राकेश त्या भोकाजवळ आला तेव्हा त्याच्या पायाला फक्की लागली. त्यानं खाली पाहिलं. कालच प्रेमराजनं आखलेला चौकोन होता तो, नारळ फुटल्यावर पोकलेन सगळ्यात आधी जिथं उभं करायचं होतं ती जागा. भोक त्या चौकोनाच्या बरोबर मधोमध होतं. वीस टनांचं मशीन, आणि आत तो स्वतः. तो आजीशेजारी मटकन बसला आणि तिचा हात घट्ट धरून राहिला. ती म्हणाली, "ऊठ, मालक येई ऱ्हायना."

मालक आले, विहीर बघितली, नारळ हातात तसाच ठेवला. पाया पन्नास फूट पलीकडं सरकवायचं तिथंच ठरलं, आणि प्रेमराजनं मध्ये पडून विहिरीला कठडा बांधायचंही कबूल करून घेतलं. चाळीकडचं फाटक उघडायचं का, ते अजून बोलण्यातच आहे. लिलाबाई रोज विचारते.

पण ते नंतरचं. त्या वेळी राकेश म्हणाला, "चल आजी, घरी." लिलाबाई उठली. बोळात आली आणि मागच्या दाराकडं वळायच्याऐवजी थांबली. मग उजवीकडं वळून हॉलमध्ये शिरली. अठ्ठावीस फरश्यांचा तो हॉल तिनं संथपणे मधोमध चालून ओलांडला, व्हरांड्यात आली आणि त्या तीन पायऱ्यांच्या डोक्यावर उभी राहिली. समोर एरंडोलचा रस्ता. ट्रक जात होते. ती वरच्या पायरीवर टेकली, पाय खालच्या पायरीवर सोडले, आणि ऐसपैस बसली.

"आजी, चपला मागच्या दाराशी राहिल्या," राकेश म्हणाला.

"मंग जाय, लयी ये. मी आठेच बठस."

राकेश निघाला. मधून सरळ गेलं असतं तर वीस पावलांत उंबरा होता, समोर दिसत होता. पण तो हॉलमधून बोळात गेला, बोळात अंग चोरलं, स्वयंपाकघराशी वळला. चार वर्षांपूर्वी ज्या भिंती त्यानं चार दिवसांत पाडल्या होत्या, त्या प्रत्येक भिंतीला वळसा घालून तो चपलांपाशी पोचला, आणि चपला हातात घेऊन त्याच वाटेनं परत आला.